बोडीच्या लग्नातला वरपक्ष

आजवर मी किती माती उपसली याचा आकडा मालकाच्या मशीनच्या मीटरात असेल, माझ्या डोक्यात नाही. पण एकदा एक लाकूड उपटलं होतं, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, कुठं वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

मी बीडकडच्या डोंगरपट्ट्यातला. आमच्या गावात पाणी टँकरनं येतं आणि माणसं ट्रकनं जातात, ऊस तोडायला. मला कोयता धरायचा नव्हता म्हणून मी जेसीबी शिकलो. मशीन मालकाची, हात माझे. मालकाला भंडारा जिल्ह्यातली कामं मिळाली आणि एका एप्रिलमध्ये त्यानं मला मशीनसकट तुमसर तालुक्यात, बपेऱ्याला पाठवलं. तिथून पुढं थोडं गेलं की मध्य प्रदेश. घरापासून इतक्या लांब मी आधी कधी गेलो नव्हतो. एसटीच्या पाट्या मराठीत आहेत एवढाच काय तो धीर.

काम होतं बोड्यांचं. बोडी म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातलं लहानसं तळं. शेताच्या वरच्या अंगाला बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, आणि दसऱ्याच्या सुमारास धान पोटरीत असताना पाऊस दगा देतो तेव्हा ते खालच्या शेतात सोडायचं. आजोबा-पणजोबांनी खणलेल्या बोड्या गाळानं भरून परातीसारख्या उथळ झालेल्या. त्या खोल करून पाणी राखणाऱ्या शेतमालकाला सरकार अनुदान देतं. पण आधी देत नाही. आधी आपल्या पैशानं खोदायचं, मग कृषी सहायक येणार, टेप लावून मोजणार, मोबाइलवर फोटो काढणार, आणि माप बसलं तर पैसे खात्यात.

ज्यांच्या बोडीवर मी पहिल्यांदा मशीन लावली त्यांना सगळं गाव मामाजी म्हणायचं, मग मीही म्हणू लागलो. साठीचा माणूस, बुटका, रुंद, खांद्यावर कायम दुपट्टा. अर्ज केला होता दोन वर्षांपूर्वी, लॉटरीत नाव आत्ता निघालं होतं. त्यांच्याकडं धान विकून आलेले थोडे पैसे होते, ते घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, बदलायला ठेवलेले. घराचं छप्पर जुनं. मामाजींच्या आईच्या, म्हणजे आजीच्या खाटेवर पावसाळ्यात दोन जागी गळायचं. मामाजींनी विचार केला, हे पैसे आधी मशीनला लावू, मोजणी पास झाली की सरकारकडून परत येतील, आले की कवेलू. एवढा साधा रस्ता होता. त्या रस्त्यात मी आडवा आलो.

मामीजी त्या वेळी लेकीच्या बाळंतपणाला बालाघाटला गेलेल्या. घरात मामाजी आणि आजी दोघंच. मी त्यांच्या छपरीत झोपायचो, त्यांच्याकडंच जेवायचो. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. मी काही बोललो नव्हतो, परक्या घरी काय बोलायचं. पण माझं ताट किती सावकाश रिकामं होतं हे आजी बघत असावी. चौथ्या दिवशी संध्याकाळी ताटात ज्वारीची भाकरी. जाडजूड, कडा फाटलेली, मधे थोडी कच्ची.

"तुमसरच्या बाजारातून पीठ बोलावलं," आजी म्हणाली. "मले काही तुमच्यासारखी थापता येत नाही. खाय, आन हासू नोको."

"कुठं हसायलोय आजी."

"हासशील. तुया मायले फोनवर सांगशील, या झाडीतल्या बुढीनं मले ढेकूळ खाऊ घातलं म्हून."

मला हसू नव्हतं येत, दुसरंच काहीतरी येत होतं. मी मान खाली घालून तीन भाकरी खाल्ल्या. त्या दिवसापासून रोज रात्रीच्या ताटात भाकरी. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी गोल.

खांबाचं मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. मशीन बोडीत उतरवली तर आजी काठी टेकत बांधावर आलेली. कोरड्या पडलेल्या बोडीच्या बरोबर मधे एक काळा खांब उभा होता, माझ्या दीडपट उंच. बिजाचं लाकूड, पाण्यात कुजत नाही म्हणतात. त्याच्या अंगावर एकावर एक चार खाचा.

"हा कोण आहे ठाऊक आहे का गा?" आजीनं विचारलं.

"खांब आहे."

"खांब नोहे. जवाई आहे आमचा."

मग तिनं सांगितलं. त्या घरची रीत अशी की बोडी म्हणजे घरची पोर. पोरीचं लग्न लावल्याशिवाय तिचं पाणी घरच्यांनी धानाला घ्यायचं नाही. म्हणून तिच्या सासऱ्यानं बोडी खणली तेव्हा हा खांब नवरदेव म्हणून आणला, हळद लावून मधोमध उभा केला. आजी तेव्हा नुकतीच त्या घरात आली होती, तिनं अक्षता टाकल्या होत्या. आणि त्या खाचा? त्या तिच्या नवऱ्यानं पाडलेल्या. वरच्या खाचेला पाणी असलं तर सगळ्या शेताला पुरणार, दुसरीला असलं तर पाऊण, आणि खालच्या खाचेला आलं तर हात जोडायचे. आजी घराच्या दारातून खांबाकडं बघून सांगायची, यंदा किती धान होईल ते.

"बाकी सारी बोडी खोद," ती म्हणाली. "याले हात लावू नोको."

मी नाही लावला. खांबाच्या भोवती मातीचा मोठा ढिगारा तसाच ठेवून बाकी बोडी खाली नेली. बघायला छान दिसायचं, पाटीत पिंड ठेवल्यासारखं. मला काय माहीत मोजणी कशी करतात.

मॅडम, म्हणजे कृषी सहायक, आठव्या दिवशी स्कूटीवर आल्या. तिशीच्या असतील, तोंडाला स्कार्फ, पाठीला सॅक, अंगावर चार गावांचा भार. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. चार कोपऱ्यांत चार मापं घेतली, खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आता मधलं."

मधे ढिगारा आणि त्यावर जावई.

"हे काय आहे, मामाजी?"

मामाजींनी दुपट्ट्यानं मान पुसली आणि सांगितलं. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. मग मोबाइलचा स्क्रीन त्यांच्यासमोर धरला. "हे बघा, पाच रकाने आहेत. मधल्या मापात मी शून्य टाकलं तर सरासरी पडते, आणि सरासरी पडली तर अख्खी बोडी नापास. जावयासाठी यात रकाना नाही, मामाजी. असता तर मीच भरला असता."

"थोडे पैसे कटले तर कटू द्या ना."

"थोडे कटत नाहीत. पास नाही तर नापास." त्यांनी टेप गुंडाळला. "मी शनिवारी येते. पावसाच्या आधीची ती शेवटची मोजणी आहे. तोवर मधली माती निघाली पाहिजे. माझे हात बांधले आहेत."

स्कूटी गेली. मामाजी बराच वेळ बांधावर बसून राहिले. संध्याकाळी जेवताना आजीनं विचारलं, "का म्हणे ते पोरगी?"

"काही नाही, माय. चांगली झाली म्हणे बोडी."

जेवण झाल्यावर ते उठले आणि आजीची खाट उचलून भिंतीच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली. आजी म्हणाली, काहून गा, पाणी तं जूनमंधी येते. मामाजी म्हणाले, आतापासून सवय केलेली बरी. तेव्हा मला कळलं की त्यांनी मनातल्या मनात कवेलू सोडून दिली. आईला विचारायचंसुद्धा नाही असं ठरवून टाकलं. मी भाकरी खात होतो.

मी मुळातच काळजीखोर. मशीनचा पाइप फुटेल का, मालक ओरडेल का, घरी आईचं बीपी वाढलं असेल का, सारखं काहीतरी चालूच असतं. पण त्या रात्री एकच गोष्ट डोक्यात: या माणसाचे कवेलूचे पैसे माझ्या मशीनच्या डिझेलमध्ये जळाले आणि परत येणार नाहीत. मी मजुरी घेऊन निघून जाणार, आणि पावसात आजीच्या अंगावर पाणी पडणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजी तुमसरला गेले. कशाला जाताय विचारलं तर म्हणाले, तालपत्री आणायला, छपरावर टाकू. आजी जेवून झोपलेली. ऊन असं की बांधावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

मी ते चोरून केलं असं नाही म्हणणार, पण कुणी नसताना केलं हे खरं. खांबाला आधी गोणपाट गुंडाळलं, साखळी घासू नये म्हणून. मग साखळी बांधली, मागच्या बकेटला अडकवली आणि हळूहळू, अगदी दात उपटावा तसा, वर घेतला. जमिनीत जेवढा असेल असं वाटलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त खाली होता. तो सरळ वर आला, कुठं खरचटला नाही. बांधावर जांभळाच्या सावलीत आडवा ठेवला. मग ढिगारा काढला, तळ सारखा केला. तासाभराचं काम. खाली उतरून बघितलं तर बोडी कशी एकसारखी, सगळीकडं सारखीच खोल. मला खरंच वाटलं की मी त्या घरच्या भाकरीची थोडी तरी परतफेड केली.

आजी ताक घेऊन आली तेव्हा मी तळाशी उभा होतो. ती बांधावर थांबली. बोडीकडं बघितलं, मग जांभळाखाली बघितलं. तांब्या खाली ठेवला आणि खांबाच्या शेजारी जमिनीवर बसली.

मी धावत वर गेलो. "आजी, मोजणी होत नव्हती. पैसे मिळाले नसते. मला वाटलं..."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. खांबावरची माती पदरानं पुसत एवढंच विचारलं, "खुणा कोणत्या अंगाले होत्या?"

"घराकडं."

"मंग ध्यानात ठेवजो," म्हणाली, आणि उठून गेली. ताकाचा तांब्या तिथंच.

मामाजी तालपत्री घेऊन आले. मी फाटकाशीच उभा होतो, सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू मले इचारलं तं असतं," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणला असता."

"हाव. म्हून तं इचारायचं असते."

त्यांनी मग शांतपणे सांगितलं की आता मोजणी होईल, पैसेही येतील, पण बोडीचं पाणी माय धानाला लावू देणार नाही. पोरीचा नवरा घरातून काढला. तिच्या हिशेबानं बोडी पुन्हा बिनलग्नाची. मी म्हणालो, परत रोवून देतो की, आत्ता. ते म्हणाले, "नवरदेव असा रोवत नसते गा. बांधावरची तूर आहे का तो?"

त्या संध्याकाळी माझ्या ताटात भात होता. भाकरी नव्हती. आजी नेहमीसारखीच वाढत होती, आणखी घे म्हणत होती, फक्त भाकरी नव्हती. आयुष्यात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या, मालकाच्या, मुकादमाच्या, पण त्या भातासारखं काही लागलं नाही. मनात आलं, निघून जावं. पण जेसीबी घेऊन पळून जाता येत नाही. सायकलवाला मागून येऊन रामराम घालतो.

सकाळी आजी स्वतःच छपरीत आली. हातात चहा. माझ्या पायाशी बसली.

"शनिवारी लगन लावू," म्हणाली.

"कुणाचं?"

"तुयं नाही, घाबरू नोको. बोडीचं."

मामाजी मागून म्हणाले, "माय, शनिवारी मोजणी आहे."

"मंग चांगलंच आहे. चार लोकं तशेच येतील." मग माझ्याकडं वळून, "वरपक्ष शिवेच्या बाहेरचा पाहिजे. पयल्या खेपेले आमी नदीपल्याडचे सोयरे बोलावले होते. आता कोणाले फुरसत आहे? तूच आण नवरदेव. तूच उपटला, तूच आण."

"मी? आजी, मी कोण?"

"तुयापेक्षा दूरचा कोण आहे या गावात?"

मामीजींना फोन गेला. त्या शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं आल्या, पिशवी टेकवायच्या आधी तोंड सुरू. "एका पोरीचं बाळंतपण टाकून आली, दुसऱ्या पोरीच्या लग्नाले. हे दुसरी पोर कोणत्या जन्मी झाली मले, माहीत नाही." मग मला बघून, "हाच का तो, जवाई उपटणारा?" मी पाया पडलो. "असू दे, असू दे," म्हणाल्या, "बाकीच्यांचे जवाई उपटून नाही ना देत? एकदोन आहेत आमच्या सोयऱ्यांत."

शनिवारी पहाटेपासून मी मशीन धूत होतो. पुढच्या बकेटला आंब्याची पानं बांधली, आत मामाजींच्या घरचं नवं धोतर अंथरलं, त्यावर खांब आडवा ठेवला. मामीजींनी खाचांच्या वर बाशिंग बांधलं. शिवेवरच्या नाल्यापलीकडं मशीन नेली, तिथून वरात निघाली. पुढं गावातला एक डफडंवाला, मागं मी, दहाच्या स्पीडनं. बकेट छातीएवढं उचललेलं, नवरदेव डोलू नये म्हणून जीव मुठीत. आयुष्यात इतकी हळू मशीन चालवली नाही.

बांधावर बाया जमलेल्याच होत्या.

"नवरदेव तं काळाच आहे गा!"

"काळा आहे, पण सरका आहे. वाकडा नाही तुया नवऱ्यासारखा."

"हुंडा काय मांगते?"

"दहा लिटर डिझेल!"

"अन वरमाय कुठी आहे? वरमाय नाही आणली का?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी खिशातून फोन काढून आईला व्हिडिओ कॉल लावला. आई चुलीपुढं होती. तिला काही उमगेना. एवढी बायामाणसं, हळद, मधे जेसीबी. "अरं कुणाचं लगीन हाय?" ती ओरडत होती. आजीनं फोन हातात घेतला, डोळ्याला अगदी चिकटवला, आणि म्हणाली, "ईहीनबाई, तुमचा पोरगा गुणाचा आहे, पण इचारून करत नाही." आईनं पदर डोक्यावर घेतला. "लेकरू आहे, पदरात घ्या," म्हणाली. दोघींना एकमेकींचं निम्मं कळलं असेल, पण बोलत मात्र बराच वेळ राहिल्या.

आणि तेवढ्यात मॅडमची स्कूटी आली.

त्यांनी स्कार्फ सोडला आणि बघतच राहिल्या. मामाजी पुढं झाले, गालाला हळद, डोक्याला फेटा. "बसा, मॅडम. पयले अक्षता, मंग टेप."

"पहिले टेप," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर खांब उभा राहिल्यावर मधलं माप मी कुठे घेऊ?"

चार कोपरे झाले. मधलं माप घ्यायला त्या तळाच्या मध्यावर उभ्या राहिल्या, मी बांधावर दुसरं टोक धरलेलं, सगळं वऱ्हाड श्वास रोखून. त्यांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला, मोबाइलमध्ये भरला. "बसलं," म्हणाल्या. मामाजींनी दुपट्टा तोंडाला लावला.

मग त्याच जागी मी खड्डा घेतला. खांब साखळीनं उचलून उभा केला, खाली सोडला. आजी खड्ड्याच्या काठाशी उभी राहून सांगत होती, "थोडा इकडं फिरव. अजून. घर दिसलं पाहिजे त्याले." खाचा घराकडं आल्या तेव्हा तिनं काठी जमिनीवर आपटली. मुरूम लोटला, चोपला. अक्षता पडल्या. त्या काळ्या लाकडावर पिवळे तांदूळ चिकटले आणि बाकीचे बोडीच्या तळावर पसरले. एकानं मंगलाष्टकं म्हटली, अर्धी विसरला.

शेवटचा फोटो राहिला होता. लाभार्थी आणि काम दोन्ही दिसलं पाहिजे असा नियम. मॅडमनी मामाजींना मधे उभं केलं, म्हणाल्या फेटा काढा. मामीजी म्हणाल्या, पोरीच्या लग्नात बाप बोडका उभा राहते का? तसाच फोटो गेला. फेट्यातला मामाजी, हळदीतला खांब, कोपऱ्यात माझ्या मशीनचं तोरण.

मला आहेरात दुपट्टा मिळाला. आणि जेवायला, सगळ्या पंगतीला भात होता, माझ्या पत्रावळीवर एक भाकरी.

पाऊस लागला आणि मी मशीन घेऊन गावी परतलो. जीव मात्र तिकडंच. आमच्याकडं आभाळ भरून आलं की मला त्या तालपत्रीची आठवण. जुलैमध्ये मामाजींचा फोन आला, आवाज पडलेला. वरून शेरा आला होता. तळ्याच्या मध्यभागी बांधकाम दिसते, खुलासा करावा. पैसे अडकले.

आजीचंही मन मोडलं आणि पैसेही गेले, दोन्हीकडून माझ्यामुळं.

"मॅडम काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तिनं फोन केला होता. इचारे, खांबावर खुणा किती आहेत? मी म्हणलो चार. कायच्या आहेत? मी म्हणलो, पाण्याच्या. माय त्याच्यावरून पाणी मोजते. तं म्हणे ठीक आहे, मामाजी, झालं."

मॅडमनी खुलासा पाठवला होता. मामाजींनी तो पाठ केलेला, फोनवर मला म्हणून दाखवला: सदर खांब हे बांधकाम नसून पाण्याची पातळी मोजण्यासाठी उभा केला आहे, त्यावर चार खुणा आहेत.

"खोटं नाही लिहिलं पोरीनं," मामाजी म्हणाले. "एक अक्षर खोटं नाही. फक्त लगनाचं नाही सांगितलं."

तरी मी महिनाभर नीट झोपलो नाही. पोळा झाल्यावर एका सकाळी फोन. मामाजी नव्हते, आजी होती. फोन कुठून बोलायचा ते तिला कधीच जमलं नाही, आधी नुसता श्वास ऐकू आला.

"आले गा," ती म्हणाली. "सारे पैसे आले."

मी विचारलं, "घर गळलं का?"

"गळलं ना. तालपत्री उडाली दोनदा. पण मी भिंतीकडे होती, मले काही लागलं नाही." मग म्हणाली, "नवरदेव बुडाला."

"पडला?"

"पडला नाही रे, बुडाला! इतकं पाणी आलं का वरची खूण दिसत नाही. आता मी कशानं मोजू? सारा हिसाब चुकवला तूनं." आणि हसायला लागली, खोकला येईपर्यंत.

त्या वर्षी दसऱ्याला पाऊस गेला. मामाजींनी बोडीचं तोंड फोडलं, सगळ्या शेताला एकदा आणि निम्म्याला दुसऱ्यांदा पाणी दिलं, आणि तेव्हा कुठं बोडीत वरची खूण उघडी पडली. खांब तोच, पण खोल उभा राहिल्यामुळं त्याचं सांगणं बदललं. आजी आता पहिल्यापासून शिकतेय.

पुढच्या उन्हाळ्यात मालकानं मला पुन्हा तिकडंच पाठवलं. शेजारच्या तीन शेतमालकांची नावं लॉटरीत निघाली होती. एकाच्या बोडीत खांब होता. मी मशीन उतरवायच्या आधी त्याच्या घरी जाऊन बसलो, सगळ्यांना विचारलं, म्हातारीला दोनदा विचारलं. तो म्हणाला, तुले कोणी भेव घातला का बे?

काम सुरू व्हायला दोन दिवस होते. ते मी मामाजींच्या छपरावर घालवले. नवी कवेलू आली होती. मामाजी खालून एकेक फेकायचे, मी वर झेलून ओळीत बसवायचो. आजीच्या खाटेच्या वरची जागा आधी घेतली. तिथं बसलं की शेताच्या पलीकडं बोडी दिसते. मे महिन्याचा तळ, थोडं पाणी उरलेलं, आणि त्यात उभा तो, चारही खाचा घराकडं करून. हळद केव्हाच धुऊन गेलेली. मी जरा जास्तच वेळ बघत बसलो असेन.

खालून आजीचा आवाज आला. "जवायाकडे काय पाहतो गा? कवेलूकडे पाह! पडशील तं तुया मायले मी काय सांगू?"

मी पुढचं कवेलू मागितलं.